'बाबा'चं 'मामा' होताना

आवाजाच्या बाबतीत मराठी भाषा फार आशावादी आहे. आपला आवाज 'बसतो'. बसलेलं माणूस कधीतरी उठतं, तसा आवाजही दोन-चार दिवसांत उठणार हे त्यात गृहीतच असतं. गणपतीत आरत्या म्हणून, लग्नघरात ओरडून, वर्गातल्या साठ पोरांना गप्प करून आवाज बसतो. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी, हळदीचं दूध. मुलगा वयात येतो तेव्हा त्याला 'कंठ फुटतो', म्हणजे तिथेही काहीतरी उगवतच असतं. 'वाचा जाणं' असा शब्द आहे, पण ती जाते एका क्षणात. भीतीने, शापाने, फार तर अर्धांगाच्या झटक्याने. महिन्या-महिन्याला थोडाथोडा जाणारा आणि परत न येणारा आवाज, याला आपल्याकडे शब्दच नाही.

शब्द नसल्याचा तोटा होतो. माणूस सहा-सहा महिने 'बसलाय जरा' असं म्हणत राहतो. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या पुढे टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्यायचं, एवढा एक नियम घराघरात पाठ असता तरी बरंच काही वेळेवर सापडलं असतं. तंबाखू आणि विडी-सिगारेटच्या आपल्या मुलखात तर नक्कीच. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर पुष्कळदा आवाजासकट बरा होतो. पण या प्रकरणाचा विषय तो नाही. तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं आणि आवाज हळूहळू जाणार हेही कळलं, त्याच्या पुढचं हे प्रकरण आहे.

आधी यंत्र बघून घेऊ. गळ्यावरच्या घाटीच्या मागे स्वरयंत्रात दोन छोट्या घड्या असतात. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने त्या एकमेकींवर आपटतात. बोलताना पुरुषाच्या सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास. जिवंत माणसाच्या या घड्या हलताना नीट पाहिल्या त्या कोण्या डॉक्टरने नव्हे, तर गाण्याच्या मास्तरने. मॅन्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनगुरूने 1854 मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा स्वतःच्याच घशात धरला, सूर्यप्रकाश त्यावर परावर्तित केला आणि स्वतःचाच आवाज डोळ्यांनी पाहिला. हा मनुष्य 101 वर्षं जगला.

या घड्यांना आज्ञा देणाऱ्या नसेचा प्रवास मोठा विचित्र आहे. डावीकडची नस मेंदूकडून गळ्यात येते, पण स्वरयंत्रापाशी थांबत नाही. ती थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. शेजारच्या वाण्याकडे जायला अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालावी तसं. म्हणून आवाज घोगरा झाला, एक घडी हलेना, तर डॉक्टर छातीचाही फोटो काढायला सांगतात. घशाची तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला वाटतं, यांचं काहीतरी चुकतंय.

आवाज जाण्याच्या तऱ्हा अनेक. तीन सांगतो, कारण तिन्हींत माणसाची कोंडी वेगवेगळी आहे.

पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होत जातो. गंमत, म्हणजे क्रूर गंमत अशी की, ज्याचा आवाज बारीक झालेला असतो त्याला तसं वाटतच नाही. मेंदूतला 'किती जोरात बोललो' हे मोजणारा काटाच सरकलेला असतो. त्यामुळे नवरा म्हणतो, 'तुला ऐकू कमी येतंय', बायको म्हणते, 'तुम्ही पुटपुटता', आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. कानाचं यंत्र घ्यायचं कुणी यावरून संसारात भांडणं होतात. एकट्याच्या जिवावर 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर उभी करणाऱ्या पु. ल. देशपांड्यांनाही उतारवयात याच आजाराने गाठलं होतं. 1987 मध्ये अमेरिकेत लोरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक उपचारपद्धती सुरू केली. ज्या बाईंसाठी ती बेतली त्यांच्या नावावरून ती ली सिल्व्हरमन पद्धत म्हणून ओळखली जाते. आठवड्याला चार दिवस, चार आठवडे, रोज तासभर. उच्चार, श्वास, जीभ असल्या दहा सूचना द्यायच्या नाहीत. एकच द्यायची, 'मोठ्याने'. पेशंटला आपण ओरडतोय असं वाटायला लागलं की समजायचं, आवाज इतरांसारखा झाला. सरकलेला काटा पुन्हा जागेवर बसवण्याचा हा खटाटोप असतो. घरी रोजचा सराव सुटला तर काटा परत घसरतो. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात जाण्याचा एक फायदा हाही, की तिथे सगळेच मोठ्याने बोलायचा सराव करतात आणि कुणाला लाज वाटत नाही.

दुसरी तऱ्हा स्वरयंत्राच्या आचक्यांची. बोलायला गेलं की घड्या घट्ट आवळतात आणि शब्द गळा दाबल्यासारखे तुटक बाहेर पडतात. पण तोच माणूस हसतो मोकळा, कुजबुजतो व्यवस्थित, कित्येकदा गातोसुद्धा. गाणं येतं आणि बोलणं येत नाही म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसणार? 1980च्या दशकापर्यंत डॉक्टरांचाही बसत नव्हता. 'मनाचं आहे' असं सांगून पेशंटला वाटेला लावत. 1984 मध्ये न्यूयॉर्कचे अँड्र्यू ब्लिट्झर यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत बोट्युलिनमचं अगदी अल्प मात्रेचं इंजेक्शन देऊन पाहिलं. ते आचके सैल करतं. पहिले काही दिवस आवाज हवेसारखा पोकळ होतो, मग काही आठवडे चांगले जातात, मग परत सुई. अमेरिकेतल्या रेडिओ निवेदिका डायेन रीम यांना 1998 मध्ये याच दुखण्याचं निदान झालं. ज्या बाईची भाकरीच आवाजावर, तिने हा विस्कटलेला, थरथरणारा, दमानं येणारा आवाज घेऊन 2016 पर्यंत रोजचा कार्यक्रम केला. श्रोत्यांनी तो आवाज स्वीकारला, आणि कार्यक्रम त्यांचा होता, त्यामुळे मधे तोडून बोलायची कुणाची टाप नव्हती. हा दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे येतंच.

तिसरी तऱ्हा सगळ्यात कठीण. मोटर न्यूरॉन आजार. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये सुरुवातच जीभ, टाळू, ओठ, घसा इथून होते. बाकीच्या बऱ्याच जणांत पुढे ती तिथे पोचते. बुद्धी बहुतेकदा शाबूत, शब्द डोक्यात जागच्या जागी, पण ते घडवणारे कारागीर एकेक करून काम सोडून चाललेले.

यात पहिल्यांदा काय होतं ते मराठी कानांना फार स्पष्ट ऐकू येतं. टाळूचा मागचा मऊ भाग नाकाकडची वाट बंद करणारा पडदा असतो. तो ढिला पडला की हवा नाकातून निसटते. ओठ मिटून, हवा कोंडून आपण 'ब' म्हणतो. ती कोंडायच्या आतच नाकातून गेली तर 'ब'चा 'म' होतो, आणि 'द'चा 'न'. म्हणजे 'बाबा' म्हणायला जावं तर 'मामा' ऐकू येतं, 'दादा'चं 'नाना' होतं. आपल्या नात्यांचे शब्द असे जोडीजोडीने बेतलेले आहेत की नाकातून थोडी हवा गेली तर नातंच बदलावं. सुरुवातीला घरात हसतात. पेशंटही हसतो.

मग फोन जातो. आवाज जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा फोन सगळ्यात आधी जातो. समोर बसलेला माणूस ओठ बघून, हातवारे बघून, अंदाजाने निम्मं समजून घेतो. फोनवर त्यातलं काहीच नसतं. 'हॅलो... हॅलो? आवाज कट होतोय, मी नंतर करते.' बँकेच्या यंत्रातली बाई 'आम्हाला आपलं उत्तर समजलं नाही' म्हणते. गॅसवाल्याला पत्ता सांगायचं काम मुलाकडे जातं. रिक्षावाल्याला थांबा दाखवण्यापुरतं बोट उरतं. एकेक काम असं हातातून सुटतं आणि प्रत्येक वेळी ते अगदी शहाणपणाचंच वाटतं. 'राहू दे, मी बोलते.' दिवसभरात पन्नासदा म्हटलेलं हे प्रेमाचं वाक्य वर्षाच्या शेवटी माणसाला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवतं.

हे का होतं, त्याचं उत्तर घशात सापडत नाही, संभाषणात सापडतं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये दहा भाषांमधली साधी प्रश्नोत्तरं मोजली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी किती वेळ जातो? सुमारे दोनशे मिलिसेकंद. सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी त्याहून घाईचे, डॅनिश थोडे सावकाश, पण पापणी लवावी एवढाच सगळा फरक. त्या दहांत मराठी नव्हती. आपल्या घरातली जेवणाच्या वेळची संभाषणं मोजली असती तर आकडा शून्याखाली गेला असता, असा माझा खाजगी कयास. त्यातही खरी गोम अशी की, मनातला एक शब्द तोंडावर यायला सहाशे मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव केलेली असते आणि पाचव्या हिश्शाची ती फट दिसली की आत घुसतो. आगगाडीच्या डब्यात शिरावं तसं. ज्याला दम घेऊन, जीभ जुळवून, तोंडातली लाळ आवरून बोलायचं आहे, त्याची गाडी रोज सुटते. शब्द तयार होईस्तोवर विषय आंब्याच्या भावावरून भाचीच्या लग्नावर गेलेला असतो. आवाज जायच्या कितीतरी आधी ही फट गेलेली असते, आणि माझ्या मते सांभाळायची गोष्ट तीच आहे. डायेन रीमना त्यांच्या कार्यक्रमाने ती फट राखून ठेवली होती.

स्टीफन हॉकिंगची गोष्ट या अंगाने पुन्हा वाचावी. 1963 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. 1970च्या दशकात त्याचं बोलणं इतकं अस्पष्ट झालं की फक्त जवळच्या मोजक्या माणसांना कळे. व्याख्यानात तो बोले आणि विद्यार्थी ते पुन्हा स्वच्छ इंग्रजीत म्हणून दाखवी. म्हणजे जगाचा लाडका 'यंत्राचा आवाज' यायच्या आधीची कितीतरी वर्षं तो दुसऱ्याच्या तोंडून बोलत होता. 1985 मध्ये जिनिव्हात न्यूमोनिया झाला, जीव वाचवायला श्वासनलिकेला छिद्र पाडावं लागलं आणि उरलेला आवाजही संपला. काही काळ तो फक्त भुवई उचलत असे: कुणीतरी अक्षरांच्या कागदावर बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की भुवई. मग वॉल्टर वोल्टॉस या अमेरिकन अभियंत्याने बनवलेला संगणक-प्रोग्राम मिळाला. हातातलं एक बटण दाबून शब्द निवडायचे. वेग मिनिटाला सुमारे पंधरा शब्द. आपण साधारण सव्वाशे-दीडशे बोलतो. पुढे हात गेला, गालाच्या एका स्नायूवर काम चालू लागलं आणि शेवटी वेग मिनिटाला एखाद-दुसऱ्या शब्दावर आला. अशा वेगात विनोद करायचा म्हणजे सगळ्या खोलीने श्वास रोखून तुमच्यासाठी थांबायला हवं. हॉकिंगसाठी खोल्या थांबत. शेजारच्या जोशीकाकांसाठी थांबत नाहीत.

त्या यंत्रातल्या आवाजाची कथा तर कादंबरीकाराला सुचणार नाही अशी आहे. एमआयटीतल्या डेनिस क्लॅट या शास्त्रज्ञाने लिहिलेलं वाचून दाखवणारं यंत्र घडवण्यात आयुष्य घातलं. त्याने बनवलेल्या आवाजांतला पुरुषी आवाज त्याच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. बाईचा त्याच्या बायकोच्या आणि मुलाचा त्याच्या लेकीच्या. त्याच्या या कामावर उभा राहिलेला आवाज हॉकिंगच्या खुर्चीत बसला. आणि तिकडे क्लॅटला थायरॉइडचा कर्करोग झाला होता. त्याचा स्वतःचा आवाज घोगरा होत होत विरत गेला. 1988च्या डिसेंबरात, पन्नासाव्या वर्षी तो गेला. तो आवाज पुढे तीस वर्षं विश्वाच्या जन्माबद्दल बोलत राहिला.

हॉकिंगला नंतर जास्त गोड, जास्त ब्रिटिश आवाज देऊ केले गेले. त्याने ते नाकारले. हाच माझा आवाज, असं तो म्हणे. जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा कॅलिफोर्निया आणि केंब्रिजमधल्या काही अभियंत्यांनी तो नेमका आवाज, त्यातल्या किरकिरीसकट, नव्या छोट्या संगणकात उतरवण्यासाठी कित्येक वर्षं डोकेफोड केली. 2018च्या जानेवारीत तो तयार झाला आणि हॉकिंगने तो पसंत केला. मार्चमध्ये हॉकिंग गेला. परका, अमेरिकी उच्चाराचा, यंत्राचा आवाजही वापरून वापरून आपला होतो. जुनी चप्पल होते तसा.

आता स्वतःचाच आवाज आधी साठवून ठेवता येतो. थोड्या वर्षांपूर्वी त्यासाठी सोळाशे वाक्यं वाचावी लागत, आता पन्नास-दीडशेत भागतं. ॲपलने 2023 मध्ये दीडशे वाक्यांवर आवाज घडवणारी सोय फोनमध्येच दिली, अर्थात सुरुवात इंग्रजीपासून. मराठीत मायक्रोसॉफ्टचे 'आरोही' आणि 'मनोहर' हे तयार आवाज आहेत, आपलं लिहिलेलं बऱ्यापैकी वाचतात. पण मराठीची एक खोडी आहे. 'चाक' आणि 'चार' यांत अक्षर एकच आणि उच्चार दोन. 'जर' आणि 'जीव' तसंच. लिपीत हा फरक दिसत नाही, माणसाला तो आईच्या दुधाबरोबर मिळतो, यंत्राला शिकवावा लागतो. तेव्हा मराठीसाठी कुणी वाक्यं निवडत असेल तर त्यांत दोन्ही 'च', दोन्ही 'ज', 'ळ' आणि 'ण' भरपूर असावेत. 'बाळाला वेळेवर दूध द्या' हे वाक्य इंग्रजीवर घडलेल्या आवाजाकडून म्हणवून पाहा, बाळ कुठल्या कुठे गेलेलं असेल.

घाई मात्र खरोखर हवी. यंत्र जे ऐकतं तेच उतरवतं. जीभ जड झाल्यावर नोंद केली तर आवाजही जडच तयार होतो. निदान झालं त्या महिन्यातच सकाळी, ताजेतवाने असताना, पंखा बंद करून, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर बसायचं. लोक टाळतात. अजून बोलता येतंय तर आत्ताच कशाला, हे अभद्र वाटतं. मृत्युपत्र करताना वाटतं तसंच.

याहून सोपी आणि मला जास्त भावणारी युक्ती आहे ती वाक्यंच साठवण्याची. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले वाणीतज्ज्ञ जॉन कॉस्टेलो यांनी ती रुजवली. यात कृत्रिम आवाज नाही. तुमचंच बोलणं, तुमच्याच ठसक्यात, जसंच्या तसं नोंदवायचं आणि पुढे बटण दाबून वाजवायचं. त्याला साधा फोनही पुरतो. लोक काय नोंदवतात? 'पाणी हवंय', 'कूस बदला'. हे नोंदवायची गरजच नाही, हे कुठलाही आवाज म्हणू शकतो. नोंदवायचं ते नवऱ्याला मारलेलं 'अहो, ऐकलंत का'. मुलीला दारातून घातलेली हाक, शेवटचा स्वर लांबवून. नातवाला म्हणायचं 'लबाडा'. जिन्यात मारायची शीळ. आणि 'हं'. मराठी माणसाचं निम्मं संभाषण 'हं'वर चालतं: होकाराचा 'हं', प्रश्नाचा 'हं?', पुढे सांग म्हणणारा आणि तो एक लांबलचक 'हंऽऽ', ज्याचा अर्थ 'माझा यावर काडीचा विश्वास नाही.' चारही नोंदवावेत. त्या पाचव्या हिश्शाच्या फटीत मावणारं तेवढंच आहे.

यंत्र बंद पडतं, चार्जिंग संपतं, अंघोळीला नेता येत नाही. म्हणून भिंतीवर एक कागद हवाच, आणि इथे देवनागरीने आपल्यावर मेहेरनजर केलेली आहे. फ्रेंच पत्रकार ज्याँ-डोमिनिक बोबी 1995 मध्ये मेंदूच्या झटक्याने एका डोळ्यापुरता उरला. फ्रेंचमध्ये जास्त लागणारी अक्षरं आधी, अशी नवी वर्णमाला त्याच्यासाठी मांडली गेली. समोरच्याने ती म्हणायची, त्याने पापणी मिटायची, असं त्याने अख्खं पुस्तक सांगितलं. आपली वर्णमाला मुळातच चौकोनात बसलेली आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. मग य-र-ल-व-श आणि ष-स-ह-ळ या दोन ओळी. सोबत्याने आधी ओळींची नावं घ्यायची, डोळा मिटला की त्या ओळीतली अक्षरं. 'क'पासून सरळ म्हणत गेलं तर 'ळ'ला पोचायला चौतीस अक्षरं लागतात. या रीतीने सात आणि चार, अकरांत काम होतं. काना-मात्रा बहुतेकदा लागतच नाहीत. 'प', 'ण' झालं की पाणी आणायला माणूस उठलेला असतो. ही चौकट पहिलीतल्या पोरालाही पाठ असते, त्यामुळे नातवंडं यात आजी-आजोबांचे सर्वांत तरबेज दुभाषे होतात.

फक्त त्यांना एक सांगून ठेवायचं: शब्द आपण पुरा करायचा नाही, विचारल्याशिवाय नाही. 'प', 'ण' म्हणजे पाणी असेल, पण पणजीही असेल, पण 'पण'सुद्धा असेल. आवाज गेलेल्या माणसाचा 'पण' आपण पाणी पाजून संपवतो.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काही तयार चौकटी आखून ठेवाव्यात. 'थांबा, माझं चाललंय.' 'तसं नव्हतं म्हणायचं.' 'हे मी चेष्टेत म्हणालो.' घरचे लोक उत्साहाने औषधं, पांघरूण, देवपूजा यांच्या चौकटी करतात आणि भांडणाची एकही करत नाहीत. तेव्हा खाली, ठळक अक्षरांत, आणखी दोन असाव्यात: 'मला विचारलं होतं का?' आणि 'मी तेव्हाच सांगत होतो.'